एआय एजंटच्या शिळ्या आठवणी : सहा महिन्यांनी पुसून टाकाव्यात का?

तुर्भे_गोदाम | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, एका गोष्टीवर तुमचं मत हवंय. तुर्भ्याला आमचं गोदाम आणि मालवाहतुकीचं काम आहे. न्हावाशेव्याहून कंटेनर येतात, माल इथे उतरतो आणि पुढे छोट्या-मोठ्या गाड्यांनी मुंबई-ठाण्यात जातो. ऑफिसात आम्ही एक एआय एजंट लावलाय. डिस्पॅच, बिलिंग, सेल्स, सगळे त्याला मराठीत विचारतात आणि सांगितलेलं तो लक्षात ठेवतो. सुरुवातीला डिस्पॅच ग्रुपवरचे जुने मेसेज आणि खर्चाच्या नोंदीही त्याला दिल्या होत्या. आठवणी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत, अर्थाने शोधायची सोय देणारं पीजीव्हेक्टर लावून. प्रश्न आला की अर्थाने जवळच्या आठवणी शोधायच्या, मॉडेलपुढे ठेवायच्या आणि उत्तर काढायचं, एवढीच रचना.

अडचण शिळ्या आठवणींची आहे. परवा सेल्सचा एक मुलगा स्वतःच्या कारने मुलुंडला जाऊन आला. एजंटने खर्चाच्या फॉर्मवर आपणहून लिहिलं, ‘ऐरोली नाका, टोल ४५ रुपये’. मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल नाही. बिलिंगच्या ताईंनी पकडलं म्हणून ठीक, नाहीतर पैसे निघाले असते.

मी सरळ नियम करायच्या विचारात आहे. सहा महिन्यांपेक्षा जुनी आठवण रात्री आपोआप डिलीट. कुणी असं केलंय का? काय होतं?

पामबीच_सायकल | सोमवार, रात्री १०:५८

सहा कशाला, तीन महिने ठेवा. जेवढं कमी तेवढं चोख.

कळवा_लोकल | सोमवार, रात्री ११:०५

तुमच्या गोदामाचा पत्ता सहा महिन्यांपेक्षा जुना असेल ना? मग तोही जाणार.

एसक्यूएलवाली | सोमवार, रात्री ११:४६

कळवा_लोकल यांनी एका ओळीत सांगितलं ते मी जरा विस्ताराने सांगते, कारण हा नियम मला खरंच धोक्याचा वाटतो.

आठवणीचं वय आणि तिचा शिळेपणा यांचा एकमेकांशी फार कमी संबंध आहे. ड्रायव्हरचा रक्तगट दहा वर्षांनीही ताजा असतो. ‘तीन नंबरचं शटर अडकलंय’ ही नोंद संध्याकाळपर्यंत शिळी होते. तारखेवर झाडू मारलात तर पहिली जाईल आणि दुसरी सहा महिने मुक्कामाला राहील. शिवाय ४५ रुपयांचा टोल त्या रात्रीपर्यंत खराच होता. त्या आधीच्या महिन्याचा खर्च तपासायला कुणी बसलं तर ४५ हेच बरोबर उत्तर.

जीएसटीचं घ्या. एसीवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ ला २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ऑगस्टमध्ये विकलेला एसी नोव्हेंबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची उलटी नोंद, मूळ बिलाच्या २८ टक्क्यांनीच निघते. तुम्ही २८ पुसून टाकलंत की एजंट १८ म्हणणार, अगदी ठामपणे.

म्हणून प्रत्येक आठवणीला दोन वेगळे काळ हवेत. ही गोष्ट जगात कधीपासून कधीपर्यंत खरी होती, हा एक. आपल्याला ती कधी कळली आणि आपण ती कधी मागे घेतली, हा दुसरा. डेटाबेसवाल्यांना हे नवं नाही, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या २०११ च्या मानकात दोन्ही प्रकारचे काळ आहेत. एजंटच्या आठवणींसाठी निघालेल्या साधनांपैकी ग्राफिटी हेच करतं. नवी माहिती जुनीला छेद देत असेल तर जुनी उडवत नाही, ती अमुक तारखेला संपली असं लिहून ठेवतं.

तुमच्या शोधात ‘आज लागू असलेल्याच’ अशी अट घाला. प्रश्नातच जुनी तारीख असेल तर त्या तारखेला लागू असलेल्या आठवणी काढा. डिलीट हा शेवटचा उपाय.

तुर्भे_गोदाम | मंगळवार, सकाळी ८:२०

एसक्यूएलवाली ताई, पटतंय. पण एक गोष्ट समजत नाही. टोल माफ झाल्याची आठवणही एजंटकडे आहे, मी स्वतः शोधून पाहिली. मग त्याने ती का वापरली नाही? ‘ऐरोलीला कारला टोल किती’ असं विचारल्यावर वर आलेल्या आठवणी अशा :

‘ऐरोली नाका कार ४५’
‘मुलुंडला जाताना ऐरोलीला ४५ दिले, पावती हरवली’
‘साहेबांची गाडी, ऐरोली टोल ४५, कॅश’
‘वाशी नाका कार ४५’
‘ऐरोली ४५ धरून ट्रिपचा हिशेब करा’

आणि ‘आजपासून छोट्या गाड्यांना टोल माफ रे सगळीकडे’ ही बरीच खाली. मॉडेलपुढे वरच्या पाचच जातात.

एसक्यूएलवाली | मंगळवार, सकाळी ८:४१

हेच तर! टोल भरला की प्रत्येक फेरीमागे एक नोंद झाली. माफ झाल्यावर ‘आज टोल भरला नाही’ असं कुणी लिहीत नाही. थांबलेल्या गोष्टी मागे खूण सोडत नाहीत. जुन्याच्या बाजूने ढीगभर साक्षीदार आणि नव्याच्या बाजूने एकच, तोही ‘ऐरोली’ हा शब्द न उच्चारणारा. अर्थाच्या जवळिकीवर चालणाऱ्या शोधाला काळ कळत नाही. त्याला वाक्यं एकमेकांसारखी आहेत एवढंच दिसतं.

शून्य_फाईल | मंगळवार, सकाळी ९:३५

माझं मत वेगळं आहे आणि मी ते ठामपणे मांडतो. टोल, जीएसटी, डिझेलचा दर, सुट्ट्यांची यादी, या आठवणी नाहीतच. हे संदर्भ आहेत. त्यांचं एकच टेबल असावं, त्याला एक जबाबदार माणूस असावा आणि एजंटने विचारलं की तिथूनच वाचावं. आठवणीत ठेवायचं ते माणसांबद्दलचं, कुणाला कसं बिल हवं, कुणाला फोन चालत नाही. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपचा जुना गाळ भरलात की तोच वर येणार. सगळं रिकामं करा, कागदपत्रांवरून नव्याने बांधा.

डिस्पॅच_काका | मंगळवार, दुपारी १:१५

शून्य_फाईल, टेबलाचं म्हणणं मान्य. पण ‘सगळं रिकामं करा’ याला माझा सक्त विरोध.

मी वर्षानुवर्षं डिस्पॅच सांभाळलंय. आमच्या धंद्यातलं निम्मं ज्ञान कुठल्याही कागदावर नसतं. कुठल्या कारखान्याच्या मागच्या गेटला बारा फुटी गाडी वळत नाही. एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटच्या बाजूने किती वाजल्यावर शिरू नये. कुठला गेटकीपर चलनाची तिसरी प्रत मागतो. हे सगळं ग्रुपवरच्या अर्ध्या-मुर्ध्या वाक्यांत असतं. तुम्ही ज्याला गाळ म्हणता त्यावर आमच्या नव्या पोरांची नोकरी चालते. एक माणूस रिटायर झाला की ते त्याच्याबरोबर जातं, आणि ते जाऊ नये म्हणून तर हा एजंट आणला.

शून्य_फाईल | मंगळवार, दुपारी १:३२

काका, गेटकीपर बदलला तर? ते कागदावर नाही म्हणजे ते शिळं झाल्याचंही कागदावर येणार नाही.

डिस्पॅच_काका | मंगळवार, दुपारी १:५०

हा प्रश्न मात्र खरा आहे. याचं उत्तर माणसांच्या बाबतीत एकच असतं, तिथे जाऊन आलेल्याला विचारणं. एजंटनेही विचारावं. ‘मागच्या वेळी तिसरी प्रत लागली होती, आजही मागितली का?’ परतलेल्या ड्रायव्हरला एवढा एक प्रश्न. हो म्हणाला तर आठवणीवर आजची तारीख, नाही म्हणाला तर ती बाजूला.

निवृत्त_महसूल | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

मला संगणकातलं फारसं कळत नाही, मुलगा महापेला नोकरीला आहे, त्याने हा धागा वाचायला दिला. वाचताना सारखा सातबारा आठवत होता, म्हणून लिहितो.

जमीन विकली गेली, मालक वारला, वाटणी झाली, तर जुनं नाव कुणी खरवडून काढत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंद होते. कुणाच्या अर्जावरून, कुठल्या दस्तावरून, ते तिथे लिहिलेलं असतं. संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवस असतात. आमच्या वेळी तोपर्यंत सातबाऱ्यावर नोंद पेन्सिलीने असायची. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, जुनं नाव कंसात जातं आणि त्याच्याजवळ फेरफाराचा क्रमांक येतो. आज मालक कोण ते कंसाबाहेर दिसतं. आधी कोण होतं आणि का बदललं, ते क्रमांकावरून मागे मागे जात शोधता येतं.

तुमच्या यंत्राला मला या तीन गोष्टी हव्याशा वाटतात. बदल कुणाच्या सांगण्यावरून झाला याची नोंद, कुणीतरी प्रमाणित करेपर्यंत पेन्सिल, आणि जुन्याला कंस. नुसतं पुसणं म्हणजे उद्या वाद झाला तर हातात काही नाही.

आणखी एक. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार तिकडे गेले. त्याआधीच्या दस्तात वसईपुढे ‘जिल्हा ठाणे’ असतं आणि ते चूक नाही. तुमचं यंत्र तो जुना दस्त वाचून ‘चुकीचा जिल्हा’ म्हणून शेरा मारणार असेल तर ते लोकांचं नुकसान करेल.

एसक्यूएलवाली | मंगळवार, संध्याकाळी ६:१८

काका, मी काल इतकं लांबलचक लिहिलं ते तुम्ही कितीतरी नीट सांगितलंत. ‘पेन्सिल’ ही कल्पना तर थेट उचलण्यासारखी आहे.

कळवा_लोकल | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

फक्त फेरफार मंजूर व्हायला लागतो तेवढा वेळ एजंटला लागू नये. नाहीतर सेल्सचा तो मुलगा रिटायर होईल तरी टोलची नोंद पेन्सिलीतच. 😄

निवृत्त_महसूल | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

😄 हरकत नसलेल्या नोंदी आम्ही वेळेत करत होतो हो. वादातल्या नोंदींना वेळ लागतो आणि लागायलाच हवा.

घणसोली_रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:२०

रात्रपाळीत वाचतोय. वर कुणी विस्मरणाच्या सूत्राबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या टीममध्ये यावर बरीच चर्चा झाली होती.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आधी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरलं जातं. एजंट बनवणाऱ्या बऱ्याच जणांनी तीच कल्पना घेतली. आठवण वापरली नाही की तिचा गुण दर तासाला थोडा घटवायचा. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २५ पात्रांचं एक छोटं आभासी गाव बनवलं होतं. त्यात कुठली आठवण वर यावी हे तीन गोष्टींवर ठरायचं, किती अलीकडची, किती महत्त्वाची आणि प्रश्नाच्या किती जवळची. ‘अलीकडची’ म्हणजे शेवटची कधी वापरली यावरून, आणि खेळातल्या दर तासाला ०.९९५ ने गुणत गुण उतरायचा.

आभासी गावात हे छान चालतं. आपल्या कामात इथेच घात होतो. टोलची शिळी आठवण रोज वर येते, म्हणजे रोज ‘वापरली’ जाते, म्हणजे रोज ताजी होते. उलट वर्षातून एकदाच लागणारी गोष्ट, समजा गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची तारीख, तिचा गुण उतरत उतरत तळाला जातो. वापरावर ताजेपणा मोजला तर खोटं नाणं जास्त फिरतं म्हणून जास्त चकचकीत दिसायला लागतं.

ज्यांना असं सूत्र लावायचंच आहे त्यांनी ‘शेवटची कधी वापरली’ याऐवजी ‘शेवटची कधी पडताळली’ ही तारीख घ्यावी. डिस्पॅच काकांचा ड्रायव्हरला विचारण्याचा उपाय इथे नेमका बसतो.

नवीन_पनवेल_पूर्व | बुधवार, सकाळी ९:०२

आमच्या सोसायटीच्या चौकशीच्या बॉटला काल पाहुण्यांसाठी विचारलं, विमानतळावर जायला किती वेळ धरू? म्हणाला, ‘नवी मुंबई विमानतळ अजून सुरू झालेलं नाही, लवकरच होणार आहे, सध्या सांताक्रुझला जा.’ २५ डिसेंबर २०२५ पासून इथून विमानं उडतायत!

एसक्यूएलवाली | बुधवार, सकाळी ९:२४

‘अजून’, ‘लवकरच’, ‘सध्या’, ‘पुढच्या महिन्यात’. हे शब्द असलेली आठवण लिहिल्या क्षणापासून नासायला लागते. कोण म्हणालं आणि कुठल्या दिवशी म्हणालं हे नसेल तर ‘पुढच्या महिन्यात’ कायम पुढच्याच महिन्यात राहतं. आठवण साठवतानाच असे शब्द पक्क्या तारखेत बदलून घ्यावेत, आणि ‘अजून नाही’ प्रकारच्या नोंदीवर पुन्हा तपासण्याची तारीख टाकावी. पुसण्याचं निम्मं काम लिहिताना वाचतं.

माजिवडा_जंक्शन | बुधवार, सकाळी १०:४०

थोडं अवांतर होईल, पण जुन्या नावांचं काय करता? माजिवड्याला लोक अजून ‘गोल्डन डाईज नाका’ म्हणतात. न्हावाशेव्याच्या बंदराचं, जेएनपीटीचं, अधिकृत नाव जेएनपीए झालं, पण कंटेनरवाला एकही माणूस तसं बोलताना मी ऐकला नाही. औरंगाबादच्या जुन्या बिल्टीवर औरंगाबादच आहे. ही नावं शिळी म्हणून काढलीत तर एजंटला लोकांचं बोलणंच कळणार नाही.

डिस्पॅच_काका | बुधवार, सकाळी ११:०५

अगदी. नवा ड्रायव्हर असेल तर नकाशा बघतो, जुना असेल तर नाका विचारतो. एजंटला दोन्ही भाषा यायला हव्यात. आणि कोपरीचं तर विचारूच नका. एक ठाणे पूर्वेची कोपरी, एक वाशीचं कोपरी गाव. आमच्याकडे गाडी एकीकडे आणि माल उतरवायला हमाल दुसरीकडे, असं झालेलं आहे.

शून्य_फाईल | बुधवार, सकाळी ११:३०

बरोबर. जुनं नाव ऐकताना चालावं, लिहिताना नवं यावं. ऐकायचं टेबल आणि बोलायचं टेबल वेगळं ठेवा.

सीबीडी_वकील | बुधवार, दुपारी ४:१५

धागा चांगला चाललाय, पण सगळे ‘पुसू नका, जपून ठेवा’ या बाजूला झुकलेत. मला याची काळजी वाटते, म्हणून दुसरी बाजू मांडते.

टोलचा दर जपा, हरकत नाही. पण तुमच्या त्या डिस्पॅच ग्रुपवर ड्रायव्हरांबद्दल काय काय लिहिलेलं असेल? कुणाला साखर आहे, कुणाच्या घरी भांडण चाललंय, कुणी किती उचल घेतली. तो माणूस नोकरी सोडून गेला तरी एजंटला सगळं ठाऊक. उद्या नव्या सुपरवायझरने ‘याला परत घेऊ का’ म्हणून विचारलं तर एजंट त्याची जुनी साखर बाहेर काढणार. हे मला असह्य वाटतं. त्या माणसाने ते एजंटला सांगितलंच नव्हतं, चार मित्रांच्या ग्रुपवर बोलला होता.

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात, म्हणजे तयारीला वेळ आहे, पण थोडाच. कलम १२ ने माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मिळतो. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की, दुसऱ्या कायद्याने ठेवणं बंधनकारक नसेल तर, ती पुसायची जबाबदारी ठेवणाऱ्यावर येते. तिथे कंस चालणार नाही. निवृत्त_महसूल काकांचा सातबारा मुळात सार्वजनिक अभिलेख आहे, माणसाची साखर नाही.

निवृत्त_महसूल | बुधवार, संध्याकाळी ५:३०

वकीलबाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माणसाच्या आजाराला फेरफार क्रमांक देऊन जपून ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही.

पामबीच_सायकल | बुधवार, संध्याकाळी ५:४४

म्हणजे शेवटी माझंच बरोबर, पुसा! 😀

एसक्यूएलवाली | बुधवार, रात्री ९:१२

व्यक्तिगत माहितीच्या बाबतीत हो, पुसा. पण ‘पुसलं’ म्हणण्याआधी कुठे कुठे राहतं ते बघा.

पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलं की ओळ लगेच जात नाही, ती मृत म्हणून खूण होते आणि व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची साफसफाई, चालल्यावर जागा मोकळी होते. बॅकअपमध्ये ती आहेच. एजंटच्या संभाषणाच्या लॉगमध्ये आहे. मजकूर काढून नुसता व्हेक्टर, म्हणजे त्याच्या अर्थाची आकड्यांची यादी, ठेवला तर काही हरकत नाही, असंही कुणी समजू नये. २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलंय की छोट्या मजकुराच्या एम्बेडिंगवरून, म्हणजे अशाच व्हेक्टरवरून, मूळ शब्द बऱ्याच अंशी परत काढता येतात.

आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे सारांश. बरेच एजंट रात्री दिवसभराच्या आठवणींचा सारांश करून तो नवी आठवण म्हणून ठेवतात. मूळ नोंद गेली तरी सारांशात ‘हा ड्रायव्हर तब्येतीमुळे लांब पल्ल्याला जात नाही’ हे वाक्य शाबूत. त्या सारांशावरून आठवड्याचा सारांश, त्यावरून एजंटचं उत्तर, आणि ते उत्तर परत आठवण. पुसलेली गोष्ट अशी मागच्या दाराने घरात येते, वर ताजी तारीख घेऊन.

म्हणून प्रत्येक बनवलेल्या आठवणीवर ती कुठल्या आठवणींपासून झाली त्यांचे क्रमांक हवेत. मूळ पुसली की त्यातून झालेल्या सगळ्या पुसायच्या आणि उरलेल्या मूळ नोंदींवरून पुन्हा बनवायच्या. एजंटच्या स्वतःच्या उत्तरांना तर पुरावा म्हणून साठवूच नये.

आनंदनगर_चेकनाका | गुरुवार, सकाळी १०:२०

इतकं सगळं हाताने कोण करणार? हल्ली मॉडेललाच ठरवू देतात. मेमझिरोसारखी साधनं आहेत. नवी माहिती आली की जवळच्या जुन्या आठवणी मॉडेलला दाखवायच्या आणि चारपैकी एक निवडायला सांगायचं, नवी घाल, जुनी बदल, जुनी काढ, किंवा काहीच करू नको. आमच्या ओळखीच्या एका वाहतूकवाल्याने असंच लावलंय.

पण तिथे काय झालं तेही सांगतो, कारण तुर्भे_गोदाम यांचाच विषय आहे. कुणीतरी एजंटला सांगितलं, ‘टोल माफ झालाय, आता लावू नको.’ त्याने टोलच्या सगळ्याच आठवणी काढून टाकल्या. माफी हलक्या वाहनांना आहे, ट्रक आणि अवजड गाड्यांना टोल चालूच आहे. पुढची कोटेशनं ट्रकच्या टोलशिवाय गेली, आणि काढलेल्या आठवणी कुठे उरलेल्या नसल्यामुळे असं का झालं ते शोधायलाच वेळ गेला.

घणसोली_रात्रपाळी | गुरुवार, सकाळी १०:५५

बातमीचा आवाका आणि आठवणीचा आवाका जुळतो का, हे मॉडेल नीट बघत नाही. ‘माफ झाला’ या वाक्यात कुणाला, कुठे, कधीपासून हे काहीच नव्हतं. मॉडेलला सुचवू द्या, पेन्सिलीने. शाई माणसाची.

आणि आपल्याकडे आडनावांचा घोळ वेगळाच. म्हात्रे, पाटील, भोईर, नवी मुंबईच्या प्रत्येक नोडमध्ये (वसाहतीत) दहा. एका पाटलांनी पत्ता बदलला की एजंट दुसऱ्या पाटलांचा पत्ता बदलतो. ग्राहक क्रमांक जुळल्याशिवाय बदल करू न देणं हाच उपाय.

ऐरोली_सेक्टर | गुरुवार, दुपारी १२:१०

छोट्या कंपनीने एवढा खटाटोप करायचा म्हणजे एजंटपेक्षा वही बरी.

डिस्पॅच_काका | गुरुवार, दुपारी १२:३५

वही मीही ठेवत होतो. वहीत चूक असली तरी ती माझ्या टेबलावर असायची. हा एकदा चुकीचं बोलला की चाळीस जणांना सारखंच चुकीचं सांगतो. खटाटोप त्यासाठी.

तुर्भे_गोदाम | शनिवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा महिन्यांचा नियम मी सोडून दिला. काय केलं ते लिहितो, म्हणजे कुणाला दुरुस्ती सुचली तर सांगता येईल.

टोल, जीएसटी, डिझेल आठवणींतून बाहेर काढून वेगळ्या टेबलात टाकलं, शून्य_फाईल म्हणाले तसं. प्रत्येक ओळीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ आहे, आणि टोलच्या ओळीत वाहनाचा प्रकार सक्तीचा. ते टेबल बिलिंगच्या ताईंच्या ताब्यात. बाकीच्या आठवणींना ‘शेवटची पडताळली’ ही तारीख दिली. ड्रायव्हर परत आला की एजंट एकच प्रश्न विचारतो. पहिल्याच दिवशी एकाने सांगितलं की भिवंडीच्या एका गोदामाचं गेट दुसऱ्या बाजूला हलवलंय, आणि आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. मॉडेलने सुचवलेले बदल रोज सकाळी एका यादीत येतात, डिस्पॅचचा माणूस चहा पिता पिता त्यावर हो-नाही करतो.

तब्येतीच्या, घरच्या आणि उचलीच्या नोंदी एजंटमधून कायमच्या काढल्या, त्यांच्यावरून झालेल्या सारांशांसकट. उचलीचा हिशेब अकाउंट्सकडे असतोच. वकीलबाई, यावर आमच्या मालकांशी बोललो, त्यांनी लगेच हो म्हटलं. एक-दोन ड्रायव्हर आपणहून येऊन विचारून गेले, खरंच काढलं का म्हणून. त्यांना शोधून दाखवलं.

पडताळणीसाठी काही ठरलेले प्रश्न तयार केलेत, दर बदलानंतर ते चालवतो. ‘आज ऐरोलीला कारला टोल किती’ याला शून्य यायला हवं, ‘सप्टेंबर २०२४ मध्ये किती होता’ याला ४५, आणि ‘आज ट्रकला लागतो का’ याला हो. ‘ऑगस्ट २०२५ चं एसीचं बिल, आज क्रेडिट नोट, दर किती’ याला २८. हे सगळे आता बरोबर येतात.

अडकलंय ते कोपरीवर. ‘कोपरीला माल पाठवायचाय’ म्हटलं की तो अजून अंदाजाने एक कोपरी धरतो.

माजिवडा_जंक्शन | शनिवार, रात्री १०:३२

पिनकोड सक्तीचा करा. ठाणे पूर्व ४००६०३, वाशी ४००७०३.

डिस्पॅच_काका | शनिवार, रात्री १०:४०

दोन्हीत एकाच आकड्याचा फरक आहे आणि फोनवर सहाशे तीन, सातशे तीन घाईत सारखंच ऐकू येतं. पिनकोड घ्या, पण त्यासोबत ‘स्टेशन ठाणे की वाशी’ हेही विचारायला लावा. दोन्ही जुळल्याशिवाय गाडी सोडू नका.

तुर्भे_गोदाम | शनिवार, रात्री १०:४४

करतो काका. सोमवारच्या पहिल्या गाडीपासून लावून बघतो.